नव्या कराराबाहेर राहिलेले आरंभीचे ख्रिस्ती ग्रंथ कसे वाचावेत

बडोद्यातील मराठी वाचकाला पोथी, प्रत आणि पाठभेद या गोष्टी परक्या नाहीत. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात कांडांत प्रसिद्ध केली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या लिपींतील पोथ्या ओळीओळीने ताडून कोणता श्लोक मुख्य संहितेत ठेवावा आणि कोणता तळटिपेत किंवा परिशिष्टात द्यावा, याचा निर्णय येथे बसून झाला. परिशिष्टात गेलेला श्लोक कोणी फाडून टाकलेला नसतो. तो कोणत्या पोथ्यांत आढळतो आणि कोणत्या पोथ्यांत आढळत नाही हे नोंदवून तो जपून ठेवलेला असतो, आणि कुठल्या ना कुठल्या गावात तो पिढ्यानपिढ्या रामायण म्हणूनच म्हटला गेलेला असतो.

बायबलच्या नव्या करारात ज्यांना जागा मिळाली नाही, त्या आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांकडे याच दृष्टीने पाहावे, असे मला बऱ्याच वर्षांच्या वाचनानंतर वाटते. दांडिया बाजारात आमचे सात-आठ जणांचे वाचनमंडळ रविवारी बसते; त्यात हिंदू मंडळी आहेत, तशी दोन ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. हा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा असा येतो: "ही पुस्तके लपवून का ठेवली?" माझी विनंती अशी की हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि त्याच्या जागी दुसरा विचारावा: हा ग्रंथ कोण उतरवून घेत होते, आणि त्यांनी तो उतरवणे केव्हा व कशामुळे थांबवले? छापखान्यापूर्वीच्या काळात ग्रंथ नाहीसा होण्यासाठी तो जाळावाच लागे असे नाही. काही पिढ्या कोणी त्याची नक्कल केली नाही, तर तो आपोआप संपत असे. या एका प्रश्नाने वाचनाची सगळी दिशा बदलते.

आधी शब्द नीट करून घ्यावेत

'कॅनन' हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सरळ काठी, मोजपट्टी असा होता. पुढे तो 'प्रमाण' या अर्थाने आणि शेवटी प्रमाण मानलेल्या ग्रंथांच्या यादीसाठी वापरला जाऊ लागला. नव्या कराराच्या अशा यादीत आज 27 पुस्तके आहेत. 'अपोक्रिफा' याचा मूळ अर्थ 'झाकलेले' असा आहे, आणि या शब्दामुळे मराठी वाचकाचा एक घोटाळा हमखास होतो. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आणि कॅथोलिक बायबलमध्ये 73 पुस्तके असतात हे ज्यांना ठाऊक आहे, ते 'वगळलेली पुस्तके' म्हणजे ती सात असे समजतात. ती सात पुस्तके जुन्या करारातील आहेत, यहुदी परंपरेतून आलेली आहेत, आणि आपला विषय त्यांच्याहून अगदी वेगळा आहे. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते ग्रंथ येशूच्या अनुयायांनी, मुख्यतः पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या दोन-तीनशे वर्षांत लिहिले.

या ग्रंथांचे स्वरूप एकसारखे नाही. काही ग्रंथ प्रेषितांनंतरच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनंतरच्या, पिढीतील पत्रे व उपदेश आहेत, आणि त्यांतील शिकवण चर्चच्या शिकवणीशी जुळणारीच आहे. काही ग्रंथ कथा आहेत: मरीयेचे आईवडील कोण होते, बाळ येशू कसा खेळत असे, प्रेषित कोणत्या देशांत गेले, अशा रिकाम्या जागा ते भरतात. तिसरा गट इजिप्तमधील कॉप्टिक भाषेतील ग्रंथांचा आहे, आणि त्यांतील अनेकांत सृष्टी, आत्मा व ज्ञान यांविषयी चर्चला न पटलेली मते आढळतात. वर्तमानपत्रे तिसऱ्या गटाविषयीच लिहितात, म्हणून पहिला गट वाचकापर्यंत पोहोचतच नाही. मला ही मोठी हानी वाटते.

कोठून सुरुवात करावी

2006 साली 'यहूदाचे शुभवर्तमान' (शुभवर्तमान म्हणजे येशूचे चरित्र किंवा वचने सांगणारा ग्रंथ) प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा जगभर गाजावाजा झाला, आणि मीही तेथूनच सुरुवात केली. ती चूक होती. दुसऱ्या शतकातील एका वादाचे मध्यावरचे पान उघडून बसल्यासारखे ते होते. कोण कोणाला उत्तर देत आहे हेच कळेना. म्हणून नव्या वाचकाने सर्वप्रथम मार्कचे शुभवर्तमान मराठीत एका बैठकीत वाचून काढावे. त्याचे अध्याय केवळ 16 आहेत. त्यानंतर पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र वाचावे, कारण पहिल्या शतकातील एखाद्या मंडळीत, म्हणजे एका गावच्या ख्रिस्ती समाजात, प्रत्यक्ष कोणत्या अडचणी येत होत्या ते त्यात दिसते. या दोहोंचे वाचन झाल्याशिवाय कराराबाहेरचे पान उघडू नये. मूळ घराचा आराखडा माहीत नसला, तर बाहेर पडलेली वीट कोणत्या भिंतीची हे सांगता येत नाही.

यानंतर 'दिदाखे' घ्यावे. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'शिकवण' असा आहे. हा लहानसा ग्रंथ 16 अध्यायांचा असून तासाभरात वाचून होतो, आणि अनेक अभ्यासक तो पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानतात. शतकानुशतके त्याचे केवळ नाव माहीत होते. 1873 साली फिलोथिओस ब्रिएन्निओस या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टँटिनोपलमधील एका ग्रंथसंग्रहात 1056 साली उतरवलेले हस्तलिखित सापडले, आणि 1883 साली त्यांनी त्यातील दिदाखे छापून प्रसिद्ध केले.

दिदाखेची सुरुवात दोन मार्गांनी होते, एक जीवनाचा आणि एक मृत्यूचा. आणि मग ग्रंथ एकदम व्यवहारावर येतो. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा; वाहते पाणी नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट पाण्यात, आणि तेही पुरेसे नसेल तर मस्तकावर तीन वेळा पाणी ओतावे. उपवास बुधवारी व शुक्रवारी करावा. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी. भाकर मोडताना म्हणायच्या प्रार्थनेत अशी कल्पना आहे की ही भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र यावी. ज्या समाजाने ही प्रार्थना रोज म्हटली असेल, त्याच्याविषयी मनात जिव्हाळा उत्पन्न होतो, असा माझा अनुभव आहे.

अकरावा अध्याय मात्र पेन्सिल हातात घेऊन वाचावा. गावोगाव फिरणारा प्रेषित आला तर त्याचे स्वागत करावे. त्याने एक दिवस राहावे, गरज असल्यास दुसराही दिवस. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. पुढच्या अध्यायात म्हटले आहे की कोणाला गावात स्थायिक व्हायचे असेल आणि त्याला एखादी कारागिरी येत असेल, तर त्याने काम करून खावे. संन्याशाने खेड्यात एकच रात्र राहावे हा आपल्याकडचा परिव्राजकांचा नियम ज्यांच्या कानावर आहे, त्यांना हे वाचताना त्याची आठवण येईल. तेथे एवढे ध्यानात घ्यावे की आपला नियम संन्याशाची आसक्ती तुटावी म्हणून आहे, आणि दिदाखेतील नियम यजमानाची फसवणूक होऊ नये म्हणून. प्रत्येक नियमाच्या समोर वहीत एक ओळ लिहावी: हा नियम करावा लागला, त्याअर्थी तेथे काय घडत होते? या पद्धतीने दिदाखे वाचले की पहिल्या मंडळींचे अंगण डोळ्यांसमोर उभे राहते.

दिदाखेनंतर क्लेमेंतचे पहिले पत्र घ्यावे. सुमारे इ. स. 96 मध्ये रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला ते पाठवले, कारण करिंथमध्ये काही जणांनी जुन्या वडीलधाऱ्यांना पदावरून दूर केले होते. हे पत्र लांब आहे, त्यात उदाहरणांची रीघ आहे, आणि काही भाग वरवर वाचला तरी चालेल. मात्र सुमारे इ. स. 170 मध्ये करिंथच्याच बिशपांनी लिहून ठेवले आहे की हे पत्र त्यांच्याकडे प्रभुवारी, म्हणजे रविवारी, वाचले जाते. ज्या मंडळीची त्या पत्रात कानउघाडणी केली होती, तिनेच ते सत्तर-पंचाहत्तर वर्षे जपून मोठ्याने वाचले, ही गोष्ट मला त्या पत्रातील कोणत्याही वाक्याइतकीच मोलाची वाटते.

एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखित, ज्याचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, 2009 पासून इंटरनेटवर पानापानाने पाहता येते. ग्रीक येत नसले तरी चालेल. नवा करार प्रकटीकरणाच्या पुस्तकाने संपतो, आणि त्याच्यानंतर त्याच चार स्तंभांच्या मांडणीत बर्णबाचे पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' हे ग्रंथ लिहिलेले आहेत. पाचव्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हस्तलिखितात क्लेमेंतच्या नावाची दोन पत्रे अशीच नव्या कराराच्या मागोमाग येतात. ज्यांनी ही पाने शिवली, त्यांनी आत आणि बाहेर यांमधली रेषा आपल्याइतकी ठळक काढलेली नव्हती.

शेजारी ठेवून वाचणे

थोमाच्या शुभवर्तमानाला मात्र वेगळी पद्धत लागते. 1945 च्या डिसेंबरात दक्षिण इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना मातीच्या रांजणात चामड्याच्या वेष्टनातील हस्तलिखिते सापडली. आज ती 13 कोडेक्सच्या रूपात मोजली जातात. कोडेक्स म्हणजे गुंडाळीऐवजी पाने शिवून केलेले पुस्तक. त्यांपैकी एकात येशूची 114 वचने असलेला हा ग्रंथ संपूर्ण मिळाला. त्याआधीच ऑक्सिरिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यात ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज संशोधकांना 1897 साली आणि पुढे 1903 साली काही ग्रीक तुकडे सापडले होते. ते याच ग्रंथाचे आहेत हे कॉप्टिक प्रत मिळाल्यावर उलगडले.

थोमाच्या ग्रंथात कथा नाही. जन्म नाही, क्रूस नाही, पुनरुत्थानाचा प्रसंग नाही. एकामागून एक वचने येतात. म्हणून तो सलग वाचू नये. मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत घ्यावा आणि वहीचे जोडपान चार उभ्या रकान्यांत विभागून मार्क 4:30-32, मत्तय 13:31-32, लूक 13:18-19 आणि थोमाचे 20 वे वचन शेजारीशेजारी उतरवावे. मार्कात मोहरी सर्व भाज्यांत मोठी होते. मत्तय आणि लूक यांच्यात तिचे झाड होते. लूकात 'सर्व दाण्यांत लहान' हे शब्दच नाहीत. थोमात दाणा मशागत केलेल्या जमिनीवर पडतो, त्याला मोठी फांदी फुटते आणि ती आकाशातील पाखरांचा आसरा होते. हे चार रकाने स्वतःच्या हाताने भरल्यावर जो प्रश्न पडतो, तो कोणत्याही प्रस्तावनेतून मिळत नाही: एकच वचन चार मुखांतून जाताना नेमके काय बदलले आणि काय टिकले? तुकोबांचा एकच अभंग दोन गाथ्यांत वेगळ्या शब्दांनी येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कसरत जड जाणार नाही.

त्यानंतर ज्याला नव्या करारात जोड नाही असे 97 वे वचन घ्यावे. एक स्त्री पिठाने भरलेले मडके घेऊन दूरच्या वाटेने चालली होती. मडक्याचा कान फुटला, पीठ तिच्यामागे वाटेवर सांडत गेले, तिला ते कळले नाही. घरी येऊन तिने मडके खाली ठेवले तेव्हा ते रिकामे होते. राज्य असे आहे, एवढेच ग्रंथ म्हणतो. अर्थ लावण्याची घाई न करता हे वचन चार दिवस मनात राहू द्यावे.

कालनिर्णयाच्या बाबतीत दोन तारखा नेहमी वेगळ्या लिहाव्यात: ग्रंथ रचला गेला तो काळ, आणि हाती आलेली प्रत लिहिली गेली तो काळ. थोमाची कॉप्टिक प्रत चौथ्या शतकातील आहे, ग्रीक तुकड्यांतील सर्वांत जुना सुमारे इ. स. 200 चा आहे, आणि रचना बहुतेक अभ्यासक दुसऱ्या शतकात ठेवतात, तर काही जण तिचा काही भाग त्याहून जुना मानतात. 'चौथ्या शतकातील पोथी, म्हणून चौथ्या शतकातील ग्रंथ' हे अनुमान जितके चुकीचे, तितकेच 'थोमाचे नाव आहे, म्हणून थोमानेच लिहिला' हेही चुकीचे आहे.

का वगळले, हे कसे शोधावे

325 साली निकेया येथे भरलेल्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाईनच्या आज्ञेने पुस्तके निवडली गेली, असे वारंवार सांगितले जाते. त्या परिषदेच्या ठरावांत बायबलच्या पुस्तकांची यादी नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे ठळक लिहून ठेवावे, कारण अर्धे गैरसमज येथूनच निघतात.

प्रत्यक्षात हे काम सुमारे दोनशे वर्षे आणि अनेक ठिकाणी चालले, आणि ते कसे चालले हे पाहण्यासाठी अंत्युखियाचे बिशप सेरापिओन यांचा प्रसंग सर्वांत उत्तम आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस रोसस या गावच्या मंडळीत पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान वाचले जात होते आणि त्यावरून कुरबुर होती. सेरापिओन यांनी ते स्वतः न वाचताच, वाचायला हरकत नाही असे सांगितले. पुढे त्यांना शंका आली, त्यांनी ग्रंथ मिळवून वाचला, आणि मंडळीला कळवले की यातील बहुतेक भाग योग्य शिकवणीचा आहे, पण काही गोष्टी मागाहून जोडलेल्या आहेत. त्या जोडलेल्या गोष्टींची यादी त्यांनी पत्रासोबत दिली. इतिहासकार युसेबियस यांनी हे पत्र अंशतः उतरवून घेतले म्हणून आपल्याला ते कळते. 1886-87 च्या हिवाळ्यात इजिप्तमधील अखमीम येथे एका थडग्यातून त्या शुभवर्तमानाचा मोठा तुकडा मिळाला. त्यात थडग्यातून तीन पुरुष बाहेर येतात, दोघे एकाला आधार देत असतात, त्यांच्यामागून क्रूस चालत येतो, आणि आकाशातून आलेल्या प्रश्नाला तो क्रूस 'होय' असे उत्तर देतो. हा तुकडा वाचताना आपण सेरापिओन यांच्या जागी बसावे आणि आपल्याला कोणत्या ओळी खटकल्या असत्या, हे आधी ठरवावे.

सेरापिओन यांच्या निर्णयात जे निकष दिसतात, तेच इतरत्रही वापरले गेले: ग्रंथ प्रेषितांच्या काळाशी जोडता येतो का, त्याची शिकवण मंडळीला मिळालेल्या शिकवणीशी जुळते का, आणि तो एकाच गावी वाचला जातो की सर्वत्र. मिलान येथे जपलेल्या आणि इटालियन अभ्यासक मुरातोरी यांनी 1740 साली प्रसिद्ध केलेल्या एका जुन्या यादीत हर्मासच्या ग्रंथाविषयी म्हटले आहे की तो अलीकडच्या काळात लिहिला गेला आहे, म्हणून वाचावा जरूर, पण चर्चमध्ये लोकांपुढे वाचू नये. युसेबियस यांनी चौथ्या शतकाच्या आरंभी ग्रंथांचे मान्य, विवाद्य आणि त्याज्य असे वर्ग केले. शेवटी 367 साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी पुनरुत्थान सणाच्या वार्षिक पत्रात आजची 27 पुस्तके नेमकी मोजली, आणि त्याच पत्रात दिदाखे व मेंढपाळ हे ग्रंथ श्रद्धेत नव्याने येणाऱ्यांनी वाचावेत असेही सांगितले. यादीबाहेर असणे आणि निषिद्ध असणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. ज्यांना ते खरोखर घातक समजत, त्या ग्रंथांविषयीचे त्यांचे शब्द मात्र फार कडक आहेत, आणि नाग हम्मादीचा रांजण त्या पत्रानंतर पुरला गेला असावा असा तर्क काही अभ्यासक करतात. तो तर्कच आहे, हे नोंदीत लिहावे.

भारताची बाजू

'थोमाची कृत्ये' हा ग्रंथ आपल्याला जवळचा वाटतो, आणि म्हणूनच तो सर्वांत जपून वाचावा. तिसऱ्या शतकाच्या आरंभी, बहुधा एदेसा परिसरात, सिरियाक भाषेत तो रचला गेला. यरुशलेमेत प्रेषित चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतात, थोमाच्या वाट्याला भारत येतो, तो जायला तयार होत नाही; तेव्हा येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला दास म्हणून विकतो, कारण राजा गुंदाफोरस याला सुतार हवा असतो. राजाने महाल बांधण्यासाठी दिलेला पैसा थोमा गोरगरिबांना वाटून टाकतो. महाल कुठे आहे असे राजा विचारतो, तेव्हा थोमा म्हणतो की तो तुला या जन्मानंतर दिसेल. पुढे राजाचा भाऊ गाद मरतो, स्वर्गात तो महाल पाहतो आणि परत येऊन सांगतो. याच ग्रंथात 'मोत्याचे गीत' आहे: पूर्वेकडचा राजपुत्र सर्पाने राखलेला मोती आणायला इजिप्तला जातो, तेथले अन्न खाऊन आपण कोण हेच विसरतो, आणि आईवडिलांचे पत्र आल्यावर जागा होतो. वेदान्ताची सवय असलेल्या वाचकाला हे आपलेच वाटेल. तरी साम्य दिसले की लगेच उसनवारी ठरवू नये.

गुंदाफोरस हे नाव एकोणिसाव्या शतकात गोंदोफारेस या राजाची नाणी मिळेपर्यंत काल्पनिक समजले जात होते. पेशावरच्या बाजूच्या तख्त-इ-बाही येथील शिलालेखात त्याच्या कारकिर्दीचे 26 वे वर्ष नोंदलेले आहे. यावरून राजा खरा ठरतो. महालाची कथा त्यामुळे सिद्ध होत नाही. पहिल्या शतकात इजिप्तमधून भारतात जहाजे येत होती याला मात्र उत्तम पुरावा आहे. त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे आपल्यापासून सत्तरेक किलोमीटरवरचे भरूच, नर्मदेच्या मुखाशी असलेल्या उथळ जागांसह आणि भरतीच्या जोरासह वर्णन केलेले आहे. थोमा भरूचला उतरला असे 'थोमाची कृत्ये' कोठेही म्हणत नाही, हे आवर्जून लिहितो, कारण आमच्या मंडळात ही कल्पना एकदा उत्साहाने मांडली गेली होती आणि ती खोडावी लागली.

यादीची सीमा भारतातही हलली आहे. केरळातील जुने ख्रिस्ती सिरियाक बायबल वापरीत, ज्याच्या जुन्या रूपात नव्या कराराची 22 पुस्तके होती. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाची दुसरी व तिसरी पत्रे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण त्यात नव्हते. 1599 साली गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी उदयंपेरूर येथे भरवलेल्या सभेत ही उणीव भरून काढण्याचा आणि बाळ येशूच्या कथांच्या ग्रंथासारखी पुस्तके नष्ट करण्याचा आदेश दिला गेला. येथे ग्रंथ खरोखरच जाळण्यासाठी मागवले गेले, आणि ते दुःखद होते. मात्र हा सोळाव्या शतकातील प्रसंग चौथ्या शतकावर लादू नये.

फसव्या ग्रंथांपासून सावध राहावे

मोबाईलवर फिरणारे मजकूर तपासताना पहिला प्रश्न एकच: सर्वांत जुनी प्रत कोणती आणि ती कोणी पाहिली? 1894 साली निकोलाय नोतोविच यांनी लडाखमधील हेमिस मठात येशूच्या भारतातील वास्तव्याचे हस्तलिखित पाहिल्याचा दावा केला. 1895 साली आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असे हस्तलिखित असल्याचे साफ नाकारले. 'बर्णबाचे शुभवर्तमान' हा ग्रंथ बर्णबाच्या जुन्या पत्राहून पूर्णपणे निराळा आहे. त्यात शंभर वर्षांनी येणाऱ्या जुबिली, म्हणजे मुक्तीच्या पवित्र, वर्षाचा उल्लेख येतो, आणि बायबलमध्ये पन्नास वर्षांची असलेली जुबिली शंभर वर्षांची झाली ती 1300 साली, पोपच्या आदेशाने; म्हणजे हा ग्रंथ त्यानंतरचाच. 2012 साली गाजलेल्या, येशूच्या पत्नीचा उल्लेख असलेल्या तुकड्याचा पपायरस (वनस्पतीपासून केलेला प्राचीन कागद) खरोखर जुना होता, पण त्यावरचा मजकूर थोमाच्या वचनांतून, इंटरनेटवरील एका आवृत्तीतील मुद्रणदोषासह, उचललेला होता.

साधने आणि वही

इंग्रजीतील जुनी भाषांतरे मोफत मिळतात. लाइटफूट यांचे 1891 चे भाषांतर प्रेषितांनंतरच्या पत्रांसाठी आणि जेम्स यांचे 1924 चे भाषांतर कथांसाठी पुरेसे आहे. मात्र ही दोन्ही नाग हम्मादीच्या आधीची असल्याने थोमासाठी 1977 नंतरचे भाषांतरच घ्यावे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली उभ्या केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात प्रथम ग्रंथपालांना विषय सांगावा आणि मग कपाटाकडे वळावे. नोंदी मराठीत कराव्यात आणि नावे मराठी बायबलप्रमाणे लिहावीत: थोमा, पेत्र, याकोब, मरीया. मंडळात वाचताना नव्या करारातील संबंधित उतारा आधी आणि बाहेरचा नंतर वाचावा. ख्रिस्ती सदस्यांसाठी हे शब्द उपासनेचे आहेत, आणि तो मान क्रमातूनच दिसतो.

नाताळच्या आठवड्यासाठी 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' ठेवावे. हा दुसऱ्या शतकातील ग्रंथ असून मरीयेच्या आईवडिलांची योआकिम आणि आन्ना ही नावे प्रथम यातच येतात. बायबलमध्ये ती नाहीत, तरी कॅथोलिक चर्च त्यांचा सण 26 जुलै रोजी पाळते. यातील अठराव्या अध्यायाचा मराठी अनुवाद प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. योसेफ मरीयेला गुहेत ठेवून सुईण शोधायला निघतो आणि सांगतो की मी चालत होतो आणि चालत नव्हतो. आकाशातली पाखरे जागच्या जागी थांबलेली. खाली मजूर परातीभोवती बसलेले, हात परातीत. चावणारे चावत नव्हते, घास उचलणारे उचलत नव्हते, सगळ्यांची तोंडे वर. मेंढरे हाकली जात होती आणि उभी होती; मेंढपाळाने काठी उगारली होती आणि त्याचा हात वरच राहिला होता. नदीवर करडांची तोंडे पाण्याला टेकलेली, पण ती पीत नव्हती. आणि मग एका क्षणात सारे पुन्हा चालू झाले.

अनुवाद पूर्ण झाला की समासात एक नोंद करावी: बोडमर संग्रहातील पपायरस, जी या ग्रंथाची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत समजली जाते, तिच्यात योसेफाचे हे दर्शन नाही.